समेवर पडणारे पाऊल
जामसंड्यातील आमच्या शेजारचा एक तरुण, दिवसभर हापूसच्या कलमांत राबून सांजवेळी पडवीत एकटाच गिटार वाजवणारा, ‘लूपर’ नावाचे यंत्र कोणते घ्यावे हे विचारावयास आला, तेव्हा मला प्रथम स्मरण झाले ते एकल तबलावादनात पेटीवाला धरतो त्या लेहऱ्याचे. कारण एकच स्वरावली आवर्तनाबरहुकूम फिरती ठेवून तिच्या आधारे कलावंताला स्वैर विहाराची मुभा द्यावी, हेच याही यंत्राचे प्रयोजन आहे. पायाने कळ दाबताच वादनाची नोंद सुरू होते, पुन्हा दाबताच तोच तुकडा फिरू लागतो, आणि त्यावर थरावर थर चढवता येतात. परंतु दुसरे पाऊल समेच्या केसभर मागेपुढे पडले, तर ती चूक प्रत्येक आवर्तनात परतून येते, म्हणून अनेक कळांच्या थाटापेक्षा अंधारातही तळव्याला अचूक सापडणारी एकच ठसठशीत कळ मी श्रेष्ठ मानतो. टीसी इलेक्ट्रॉनिकचे ‘डिट्टो’ आणि बॉसचे ‘आरसी-1’ ही दोन्ही यंत्रे त्या जातीची. पहिल्यात 5 मिनिटांची नोंद मावते, दुसऱ्यात 12, पण खरा निर्णय विजेने केला, कारण ‘डिट्टो’ला अडॅप्टरवाचून गत्यंतर नाही, ‘आरसी-1’ मात्र 9 व्होल्टच्या साध्या बॅटरीवरही चालते, आणि मृगाच्या पहिल्या सरीसरशी दिवे जाणाऱ्या आमच्या गावी ही तजवीज मोलाची आहे. “पैसे मोजण्यापूर्वी,” मी त्याला म्हटले, “दुकानातच झपतालाच्या दहा मात्रा भर, आणि बाबा, चप्पल काढून भर.”