इंटर्नशिप संपली, आता जबाबदारी स्वतःची : नव्या डॉक्टरांचं विमा संरक्षण

मुलगी डॉक्टर झाली, मेडिकल कौन्सिलची नोंदणी हाती आली, एखाद्या खाजगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीची नोकरीही लागली. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यातल्या कितीतरी घरांसाठी हे वर्षानुवर्षांच्या काटकसरीचं फळ असतं. पगार किती, पीजीचं काय, यावर घरात चर्चा होते. पण उद्या रुग्णाच्या नातेवाइकांची कायदेशीर नोटीस आली तर खर्च कोण करणार, हे कुणीच विचारत नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सशुल्क सेवेला ग्राहक कायदा लागू होतो, असा निकाल दिला. २०१३ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सुमारे ६ कोटी रुपये आणि वर व्याज, अशी भरपाई ठरली. बहुतेक रक्कम रुग्णालयावर पडली, तरी तीन डॉक्टरांना ५ ते १० लाखांचा वाटा स्वतंत्रपणे द्यावा लागणार होता. म्हणजेच "हॉस्पिटलची पॉलिसी आहे ना" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. त्या पॉलिसीत आपलं नाव आहे का आणि नोकरी सोडल्यावर संरक्षण राहतं का, हे लेखी विचारून घ्यावं.

खरी मेख वेळेची आहे. ही पॉलिसी बहुधा 'दावा येईल तेव्हा' चालू असावी लागते. समजा, जून २०२५ मध्ये पॉलिसी घेतली, ऑगस्टमध्ये उपचार केले आणि जून २०२६ ला रिन्यू करायचं राहून गेलं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं असते. मार्च २०२७ मध्ये नोटीस आली, तर तेव्हाचा भरलेला प्रीमियम कामाला येत नाही. म्हणून नोंदणी झाली की लगेच पॉलिसी घ्यावी आणि खंड पडू देऊ नये. कंपनी बदलली तरी जुनी 'मागील तारीख' नव्या पॉलिसीत कायम ठेवून घ्यावी.

विमा सगळंच झाकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही शिक्षा विमा कंपनी भोगत नाही. युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आणखी सावध राहावं : १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरला होता. अर्जात पदवी आणि कामाचं स्वरूप खरं लिहा, नाहीतर दावा तिथेच फेटाळला जाऊ शकतो.

आपल्याकडे विमा म्हटलं की जाइज-नाजाइजचा प्रश्न येतोच. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. प्रश्न टाळण्यापेक्षा पॉलिसीचे कागद घेऊन जाणत्या मुफ्तींना विचारावं. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या काही शाखांमध्ये सदस्यांच्या वर्गणीतून परस्पर मदतीच्या योजना चालतात, त्यांचीही चौकशी करावी.

नोटीस आलीच तर घाबरून परस्पर तडजोड करू नका, आधी कंपनीला लेखी कळवा. आणि रोजचा केस पेपर व संमतीपत्र नीट लिहा. कोर्टात पहिल्यांदा तेच मागितलं जातं.