मनाचे दुखणे आणि मिरजेची वाट

पावसाळ्याच्या सुमारास महाविद्यालयांची नवी सत्रे सुरू होतात आणि माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील मुले-मुली सातारा, कराड, सांगलीच्या वसतिगृहांत दाखल होतात. त्यांतील कित्येक जण घराण्यातील पहिलेच पदवीधर होऊ घातलेले असतात. बारावीपर्यंत गावात हुशार म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याच्यापुढे येथे इंग्रजी ग्रंथ येतात, शहरी शाळांतील सहाध्यायी येतात आणि पहिल्याच परीक्षेत एखादा विषय राहतो. ‘आपण येथे चुकून आलो, आपली ही पात्रता नव्हे’ हा विचार मग मनात घर करू लागतो. घरी सांगावे, तर शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोळ्यांपुढे येते. मित्रांना सांगावे, तर हसे होण्याची भीती वाटते.

अशी शंका केवळ दुबळ्यांनाच ग्रासते, हा समज खरा नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार, उच्चविद्याविभूषित स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पदव्या आणि मानमरातब मिळूनही ‘आपण लोकांना फसवीत आहोत, एक दिवस उघडे पडू’ ही भीती त्यांच्या मनात ठाण मांडून होती. तेव्हा स्वतःविषयीची शंका हा अपात्रतेचा पुरावा मानता येत नाही. मात्र ती आतल्या आत कोंडली आणि झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, वर्गात जाणे बंद झाले, की दुखण्याची चाहूल ओळखली पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. अशा मृत्यूमागे एकच एक कारण क्वचितच असते. आजार, आर्थिक ओढगस्त, घरातील कलह, अपयश, अपमान असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. परंतु वेळीच कोणी विचारपूस केली असती तर, हा प्रश्न समाजाला टाळता येणार नाही.

याच भूमीत त्याचे एक उत्तर पूर्वी दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. केवळ शुल्क माफ करून भागले असते, तर एवढा खटाटोप कशासाठी केला असता? घरापासून तुटलेल्या मुलाला शिकण्यासाठी मायेचे माणूसही लागते, हे त्या दांपत्याने ओळखले होते. आज वसतिगृहांच्या इमारती भक्कम आहेत, हजेरीपटही चोख असतो. पण दोन दिवस जेवायला न आलेल्या मुलाच्या खोलीचे दार कोण ठोठावते?

सर्वोच्च न्यायालयाने आता यात लक्ष घातले आहे. जुलै २०२५ मधील निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश आहे. पालकांनी प्रवेश घेताना प्रयोगशाळेची चौकशी करावी, तशी या नेमणुकीचीही करावी. दारावरची पाटी आणि प्रत्यक्ष भेटणारे माणूस यांतील अंतर त्याशिवाय मिटणार नाही.

अधिक अवघड काम घरात आहे. हा सैनिकांचा आणि मल्लांचा मुलूख. ‘मन खंबीर कर’ हा येथील आवडता उपदेश. पण तालमीत खांदा निखळलेल्या मल्लाला कोणी खंबीर होण्यास सांगत नाही. त्याचा खांदा आधी बसवितात. सज्जनगडाच्या समर्थांनी मनालाच संबोधून दोनशेहून अधिक श्लोक रचले, इतके मनाचे महत्त्व आपल्या परंपरेने जाणले आहे. उपासनेने आणि व्यायामाने धीर येतो, हे निर्विवाद. मात्र आजार जडला असेल, तर त्यांच्या जोडीला वैद्यकीय उपचार हवेतच.

शतकाहून अधिक काळ आसपासचे लोक औषधोपचारासाठी मिरजेची वाट धरीत आले आहेत. मुतखड्यासाठी मिरजेला जाताना कोणी तोंड लपवीत नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांवरही उपचार होतात. पण त्या विभागाच्या दाराशी ‘सोयरीक कशी जमेल?’ या धास्तीने पाऊल अडखळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे, हे घरोघरी सांगितले पाहिजे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य, अहोरात्र बोलता येते.

कार्यकर्त्यांना घरोघरी संपर्काची सवय आहे. तिचा येथे उपयोग व्हावा. शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाला भेटावे, गुण विचारण्याआधी झोप आणि जेवण विचारावे. तो बोलू लागला की उपदेश आवरावा, शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये. जगण्याविषयीच निराशेचे बोल त्याच्या तोंडून निघाले, तर त्याला एकटे न सोडता स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जावे. शाखा बदलावी लागली, वर्ष वाया गेले, तरी घराण्याची अब्रू जात नाही. मुलाला घराचे दार उघडे आहे, हे त्याला निकालापूर्वीच ठाऊक असले पाहिजे.