जुन्या व्हिडिओ गेमपुढे चित्रनळीचा पेच

'पॅक-मॅन' हा खेळ १९८०मध्ये जपानमध्ये आला आणि पाहता पाहता अमेरिकेतील गेम पार्लरमध्ये पोहोचला. त्या पिढीतील अनेक यंत्रे आजही चालू स्थितीत आहेत. शिकागोलगतच्या ब्रुकफिल्ड येथे २०१०मध्ये सुरू झालेल्या 'गॅलपिंग घोस्ट' या आर्केडमध्ये अशी शेकडो यंत्रे खेळायला मिळतात. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील 'द स्ट्राँग' हे संग्रहालय त्यांचे जतन करते. या यंत्रांतील चिप्सची नक्कल करता येते, लाकडी खोके पुन्हा बनवता येते. पडद्यामागची काचेची चित्रनळी मात्र नव्याने मिळत नाही. जुन्या मॉनिटरची दुरुस्ती हा एरवी हौशी मंडळींचा विषय. या एका कारणामुळे तो जतनाच्या धोरणाचा विषय बनला आहे.

सपाट एलसीडी पडदा बसवून मोकळे का होऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे. अनेक चालकांनी तो मार्ग पत्करलाही. परंतु जुना आर्केड मॉनिटर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा ओढतो आणि त्याची चमक गृहीत धरूनच त्या काळी चित्रे आखली गेली. 'अॅस्टेरॉइड्स' (१९७९) या खेळात तर आडव्या रेघाही नाहीत. इलेक्ट्रॉनांचा झोत थेट आकृतीची रेषा ओढतो आणि बंदुकीच्या गोळीचा ठिपका डोळ्यांत भरेल इतका लख्ख दिसतो. 'टाइम क्रायसिस' (१९९५) मधील बंदूक झोत कोणत्या क्षणी पडद्यावर कोठे आहे, हे टिपून नेम ठरवते. एलसीडीमध्ये असा झोतच नसल्याने ती बंदूक आंधळी ठरते.

दिलासा इतकाच, की बहुतेक बिघाड नळीचे नसतातच. पडद्याच्या मधोमध एकच आडवी रेघ उरली, तर दोष उभ्या दिशेचे नियंत्रण करणाऱ्या सर्किटमध्ये असतो. चित्राच्या कडा लाटेसारख्या हलू लागल्या, तर वीजपुरवठ्यातील मोठा कपॅसिटर संशयित. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव तीस-चाळीस वर्षांत सुकतो. तो बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. कनेक्टरच्या पिनांपाशी तडकलेली झाळ हे दुसरे नेहमीचे दुखणे. ती पुन्हा तापवली, की मेलेला समजला गेलेला मॉनिटर कित्येकदा जिवंत होतो.

जुळवणीत खरा कस लागतो तो क्रम पाळण्यात. आधी मुख्य डीसी दाब योग्य आहे का, हे मीटरने पाहावे लागते, कारण चित्राचा आकार आणि उजेड दोन्ही त्यावर अवलंबून असतात. मग फ्लायबॅक ट्रान्स्फॉर्मरवरील 'स्क्रीन'चे बटण. ते जास्त फिरवले, की पार्श्वभूमी धुरकट होऊन तिरक्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. त्यानंतर तांबडा, हिरवा, निळा यांचा तोल. कोपऱ्यात रंगांचे डाग असतील, तर ते चुंबकत्वाचे; डीगॉसिंग कॉइल फिरवून ते जातात. नळीच्या मानेवरील चुंबकी कड्या कारखान्यातच लाखेने पक्क्या केलेल्या असतात आणि अननुभवी हात नेमका त्यांच्याकडेच आधी वळतो. एकदा त्या हलल्या, की तीन रंग पुन्हा एका जागी आणण्यात अख्खी दुपार जाते.

यात जोखीमही आहे. रंगीत नळीच्या काचेवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो. अनेक मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरशिवाय थेट मेन्सवर जोडणे धोक्याचे असते. हे ज्ञान जुन्या टीव्ही मेकॅनिकांच्या हातात होते आणि ती पिढी आता निवृत्त झाली आहे.

मात्र कितीही कुशल हात नळीच्या झिजेपुढे हतबल ठरतात. 'पॅक-मॅन'चा चक्रव्यूह वर्षानुवर्षे एकाच जागी दिसल्याने पडद्यावर कायमचा उमटतो. कॅथोड थकले, की चित्र मंद होते. विशेष उपकरणाने त्यांना उभारी देता येते, पण ती तात्पुरती. नळीतील गन बदलून पुन्हा निर्वात करण्याचा व्यवसाय एकेकाळी अमेरिकेत होता. आयोवातील डे मॉइन येथील 'हॉकआय' हा कारखाना २०१०मध्ये बंद झाला. सोनीने ट्रिनिट्रॉनचे उत्पादन त्याआधीच, २००८मध्ये थांबवले होते.

या कथेत महाराष्ट्राचा धागाही आहे. औरंगाबादेतून वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा चित्रनळी व्यवसाय विकत घेतला, तेव्हा जग सपाट पडद्यांकडे वळू लागले होते. पुढे अमेरिकेत मोडीत निघालेल्या नळ्यांची शिसेयुक्त काच भरूचच्या प्रकल्पात नव्या नळ्यांसाठी जाऊ लागली. ती मागणी आटल्यावर अमेरिकी गोदामांत काचेचे डोंगर साचले. ओहायोतील कोलंबस येथे एका पुनर्प्रक्रिया कंपनीने कोट्यवधी पौंड काच तशीच सोडून दिली.

विरोधाभास असा, की आर्केडला लागणारी बदली नळी याच कचऱ्यात सापडते. घरगुती टीव्हीची नळी काढून, योकची गुंडाळी चेसिसशी जुळते का हे तपासून ती जुन्या मॉनिटरमध्ये बसवता येते. शिसे जमिनीत उतरू नये म्हणून अनेक अमेरिकी राज्यांनी असे टीव्ही कचराभूमीत टाकण्यास बंदी घातली आहे. हेतू रास्त आहे; पण पुनर्प्रक्रिया केंद्रांत चांगली नळी आणि फुटकी नळी यांत भेद केला जात नाही. सगळ्यांचा चुरा होतो. चालू नळ्या आधी बाजूला काढणे फारसे खर्चिक नाही, तरीही ते क्वचितच घडते.

कलासंग्रहालयांपुढेही हाच पेच आहे. दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथे नाम जून पाइक यांनी १९८८मध्ये १,००३ टीव्ही संचांचा मनोरा उभारला होता. नळ्या धोकादायक अवस्थेत पोहोचल्याने २०१८मध्ये तो बंद करावा लागला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा उजळला, तेव्हा बहुतेक संच दुरुस्त केलेल्या किंवा जुन्या बाजारातून मिळवलेल्या नळ्यांवर चालत होते. जिथे नळी मिळाली नाही, तिथे जुन्याच खोक्यात एलसीडी बसवले गेले, आणि मनोरा चालू ठेवण्याचे तासही मर्यादित करण्यात आले.