मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर उपाशी राहू नका

मूळव्याध हा शब्द आपल्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. ताप आला तर आपण सांगतो, पाय मुरगळला तर साऱ्या चाळीला कळते. पण संडासच्या जागेचे दुखणे माणूस वर्षानुवर्षे लपवतो. आपल्या मायबहिणी तर घरातल्या माणसालाही सांगत नाहीत. रक्त जाते, मोड बाहेर येतात, हाताने आत ढकलावे लागतात आणि मग एक दिवस डॉक्टर सांगतात की, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही. वेळेवर दाखवले तर अनेकांचे औषध-पथ्यावर भागते. परंतु ज्यांचे ऑपरेशन झाले आहे किंवा ठरले आहे, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आज आम्ही लिहीत आहोत. ऑपरेशन थोड्या वेळात उरकते. खरी कसोटी घरी आल्यावर लागते.

मोड कापून काढल्यावर पुष्कळदा ती जखम टाके न घालता उघडीच ठेवतात. घरचे लोक हे पाहून घाबरतात. परंतु ती जागा पूर्ण निर्जंतुक राहू शकत नाही; उघडी जखम आतून भरत येते आणि घाण आत कोंडत नाही. ती भरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत थोडे पिवळसर पाणी येणे, शौचाच्या वेळी रक्ताचे थेंब दिसणे हे चालायचेच. त्यासाठी स्वच्छ सुती कापडाची घडी किंवा बायकांचे पॅड वापरावे. पुरुषांनीही वापरावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सर्वांत मोठी भीती असते ती पहिल्या शौचाची. या भीतीपोटी माणूस जेवतच नाही. "खाल्लेच नाही तर जावेच लागणार नाही," असा त्याचा हिशेब असतो. शेजारीपाजारीही सांगतात, नुसता मऊ भात आणि चहा द्या. हा हिशेब उलटा पडतो. आतडे रिकामे राहिले तरी मळ तयार होतोच. तो आत राहून सुकतो, खड्यासारखा घट्ट होतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताज्या जखमेवरून जाताना जीव घेतो. त्यातच वेदनेच्या काही जोरकस गोळ्यांनी पोट अधिकच घट्ट होते. म्हणून या दुखण्यात उपास हा शत्रू समजावा.

डॉक्टरांनी परवानगी देताच खायला सुरुवात करावी. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, मेथी, पालक, शेपू, दुधी, पपई, पेरू, केळे असे आपल्या बाजारात मिळणारेच अन्न पुरते. दिवसभरात ८ ते १० ग्लास पाणी प्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच. इसबगोल सांगितले असेल तर ते ग्लासभर पाण्यातून घ्यावे. कमी पाण्यात घेतले तर उलट पोट घट्ट होते. झणझणीत रस्सा, नुसता मैदा व पाव, दारू यांना काही आठवडे रजा द्यावी. तीन दिवसांत शौचास झाले नाही तर डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने जुलाबाचे औषध घेऊ नये.

वेदनेच्या गोळ्या दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता, सांगितलेल्या वेळेला घ्याव्यात. दुखले की गुदद्वाराचा स्नायू आवळला जातो आणि आवळला की अधिक दुखते. हे चक्र मोडण्याचा स्वस्त उपाय म्हणजे कोमट पाणी. पसरट टबात सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे, १० ते १५ मिनिटे बसावे. दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर तर अवश्य. त्यात डेटॉल, मीठ, हळद काही टाकण्याची गरज नाही. टब फक्त याच कामाला ठेवावा. नंतर ती जागा न चोळता कापडाने टिपून घ्यावी. शेजाऱ्याने दिलेले मलम किंवा "खात्रीने बरे" करणाऱ्याचे चूर्ण जखमेला लावू नये.

वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. रांग असते, पाणी नसते, मागचा माणूस दार वाजवतो. म्हणून गर्दीच्या आधी किंवा नंतरची वेळ ठरवावी. घरच्या एकाने पाण्याची बादली नेऊन द्यावी, दाराशी थांबावे. पण कळ आली की रोखून धरू नये. आत जोर लावत बसू नये. पाच मिनिटांत झाले नाही तर उठावे. बिडी किंवा मोबाइल घेऊन तिथे बसण्याची सवय आता कायमची सोडावी. ज्या बाया अंधार पडेपर्यंत जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यांची काळजी घरच्या पुरुषांनी घ्यावी. ऑपरेशननंतर बाईने हंडे उचलू नयेत, धुण्याच्या बादल्या ओढू नयेत. एवढे दिवस पाणी मुलांनी आणि बापाने भरावे.

कामावर कधी जावे? बसून करायचे हलके काम असेल तर साधारण दोन आठवड्यांनी बहुतेकांना जमते. हमाली, बांधकाम, सफाई, रिक्षा चालवणे अशा कामांना अधिक वेळ लागतो. डॉक्टरांना आपले काम नेमके सांगून विचारावे. राज्य कामगार विमा योजनेत ज्यांचे नाव आहे आणि वर्गणी नियमाप्रमाणे भरली आहे, त्यांना आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी विमा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. रोजंदारीवाल्यांनी ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वीच दोन-तीन आठवड्यांच्या घरखर्चाची तजवीज करावी. पोटासाठी चौथ्या दिवशी ओझे उचलले तर जखम चिघळते आणि रोज दुप्पट बुडतो.

आणखी एक. सर्व ठीक चालले असता ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान एकाएकी रक्तस्राव होऊ शकतो. भळाभळा रक्त जात असेल, गाठी पडत असतील, चक्कर येत असेल तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. थंडी वाजून ताप येणे, ऑपरेशनच्या दिवशी लघवी अडणे, दुखणे दिवसेंदिवस वाढत जाणे, घाण वासाचा पू येणे, याही गोष्टी अंगावर काढण्याच्या नाहीत.

ज्याचे ऑपरेशन झाले त्याला आपण "कसे वाटते?" एवढेच विचारतो. त्याऐवजी, "आज जेवलास का, पाणी प्यालास का, शौचाला झाले का?" असे सरळ विचारा. घरात हे तीन प्रश्न मोकळेपणाने विचारले गेले, तर रोग्याचे अर्धे दुखणे तिथेच हलके होईल.