ऐकीव बातमी आणि नेत्याची अमानत

डहाणू तालुक्यातील गडचिंचले हे गाव दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, देशभर टाळेबंदी असताना, मुंबईहून सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक या गावाजवळच्या वनखात्याच्या नाक्यावर अडवले गेले. गुरूंच्या अंत्यविधीसाठी ते निघाले होते. महामार्गावर अडवणूक होईल म्हणून त्यांनी आडमार्ग धरला होता. मुले पळवणारी, माणसांची मूत्रपिंडे काढून नेणारी टोळी रात्री फिरते, अशी अफवा त्या दिवसांत पाड्यापाड्यांत पसरली होती आणि गावकरी रात्रीचा पहारा देत होते. जमावाने तिघांचाही जीव घेतला. पोलीस तेथे पोहोचले होते, तरीही ते वाचले नाहीत.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या आठवड्याविषयी. हत्येची चित्रफीत देशभर फिरू लागली आणि तिच्यातील गोंगाटात कोणाला तरी ‘शोएब’ असे नाव ऐकू आले. झाले! मारेकरी मुसलमान होते, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. तो काळही तसाच होता. मार्चमधील दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर साथीचा सारा दोष एका समाजाच्या माथी मारला जात होता. (पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले, पण निकाल येईतो लोकांची मने बनून गेलेली असतात.) अखेर २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. त्यांत एकही मुसलमान नव्हता. चित्रफितीतील तो आवाज ‘ओये बस’ असा होता, असा खुलासाही त्यांनी केला. ‘पुरे, थांबा’ अशा अर्थाचे शब्द एका समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून देशभर ऐकवले गेले होते! आरोपींची यादी धर्म पाहून वाचावी लागावी, हीच खरे तर लाजिरवाणी गोष्ट होती. मुसलमानांवरचा आरोप टिकेना, तेव्हा काहींनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखवले, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच.

एका अफवेने तीन माणसांचे प्राण घेतले आणि दुसऱ्या अफवेने त्या मृत्यूंचा वापर करून घेतला. अशा वेळी समाजाच्या नेत्याने काय करायला हवे? हा प्रश्न आम्ही इस्लामच्या शिकवणीला विचारून पाहत आहोत. कॅथलिक वाचकांना याचे नवल वाटू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात ख्रिस्तसभा मुसलमानांकडे आदराने पाहते, असे स्पष्ट सांगितले. आपल्या वसई धर्मप्रांताला तर या संवादाची परंपराच आहे. पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांवर प्रबंध लिहिला, तर त्यांच्यानंतर आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवाद परिषदेत अनेक वर्षे सेवा केली.

इस्लाममध्ये अधिकारपदाला ‘अमानत’ मानले जाते. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली वस्तू. ती मालकीची नसते आणि एक दिवस तिचा हिशेब द्यावा लागतो. अबू झर या निष्ठावंत सहकाऱ्याने अधिकारपद मागितले, तेव्हा ही अमानत पेलण्याचे बळ त्याच्यात नाही, असे पैगंबर मुहंमदांनी त्याला सांगितले, अशी हदीस आहे. दुसरी एक हदीस ख्रिस्ती कानांना फारच ओळखीची वाटेल. तिच्यात पैगंबर सांगतात की प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल; शासकाला प्रजेविषयी, घरातल्या स्त्री-पुरुषांना घराविषयी, नोकराला धन्याच्या मालमत्तेविषयी. योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळ आपल्याला ठाऊक आहे आणि स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर यहेज्केल संदेष्ट्याने धरलेला आसूडही. या हदीसमधील भर थोडा निराळा आहे. आपल्या कळपाने काय केले, याचाही जाब येथे मेंढपाळालाच द्यायचा आहे.

हे तत्त्व ऐकीव बातमीला कसे लागू होते? कुराणातील ‘अल-हुजुरात’ या ४९ व्या अध्यायात सहावे वचन आहे. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा त्याचा आशय आहे. या वचनामागची कथा भाष्यकार सांगतात ती अशी : वलीद बिन उकबा यांना बनू मुस्तलिक या टोळीकडे जकात गोळा करण्यास पाठवण्यात आले. टोळीशी त्यांचे जुने वैर होते. ते येत आहेत असे कळताच टोळीचे लोक स्वागताला पुढे निघाले. वलीदने लांबून जमाव पाहिला, हे आपल्याला मारायला येत आहेत असे धरले आणि तो वाटेतूनच मदिनेला परतला. टोळीने जकात नाकारली, माझ्या जिवावर उठली, असे त्याने सांगितले. मदिनेत स्वारीची भाषा सुरू झाली. एका परंपरेनुसार खालिद बिन वलीद यांना आधी खात्री करण्यास धाडण्यात आले. त्यांच्या माणसांना वस्तीतून काय ऐकू आले? प्रार्थनेची हाक.

भीतीने पाहिलेला जमाव, त्यावरून रचलेली बातमी आणि बातमीमागून निघू पाहणारी फौज! गडचिंचलेच्या नाक्यावर आणि नंतर देशभरातल्या मोबाइलांवर जे घडले, त्याचा हा सातव्या शतकातील आराखडाच म्हणावा लागेल. फरक एवढाच की मदिनेत ‘आधी खात्री करा’ असे म्हणणारा नेता होता आणि लोक त्याचे ऐकत होते.

खलिफा उमर यांच्याविषयीची एक आख्यायिका येथे आठवते. जेरुसलेम शरण आल्यावर ते पवित्र कबरेच्या मंदिरात गेले असता प्रार्थनेची वेळ झाली. कुलगुरू सोफ्रोनियस यांनी तेथेच प्रार्थना करावी असे सुचवले. उमर यांनी नम्रपणे नकार दिला आणि बाहेर येऊन प्रार्थना केली. आपण आत प्रार्थना केली तर उद्या आपले अनुयायी त्याच आधारावर हे मंदिर ताब्यात घेतील, अशी त्यांना भीती होती. ही हकीकत लिहून ठेवणाऱ्यांत अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती कुलगुरू युटिकियस हे आहेत, आणि म्हणूनच आम्ही तिला अधिक मोल देतो. आपल्या कृतीचा आपल्याच माणसांकडून उद्या काय गैरवापर होईल, याचा विचार आज करणारा पुढारी आपल्या काळात शोधावाच लागेल.

सगळे मुसलमान राज्यकर्ते याच वाटेने गेले काय? नाही. इतिहास तसे सांगत नाही आणि अनेक मुसलमान विचारवंतही ते मान्य करतात. ख्रिस्ती सत्ताधीशांचे तरी कोठे वेगळे होते? पण शिकवण हे मोजमाप असते. कमी भरणाऱ्याला त्याच्याच मापाने मोजता येते, हा तिचा उपयोग.

डहाणू-तलासरीच्या मातीला हा विषय नवा नाही. तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारली आदिवासींची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नावाने खोटा निरोप पसरवून तलवाडा येथे हजारो आदिवासींना जमवण्यात आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मे झाले. नेत्याचे नाव वापरून पाठवलेला खोटा निरोप किती महाग पडतो, हे येथील वयोवृद्धांना सांगण्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट. २०२० च्या त्या रात्री गडचिंचलेच्या महिला सरपंच जमावाला थोपवण्याचा प्रयत्न करीत होत्या, अशा बातम्या तेव्हा आल्या. त्या यशस्वी झाल्या नाहीत. चर्चेच्या गदारोळात मात्र त्यांच्याविषयी फारच थोडे बोलले गेले, याचा आम्हांला खेद वाटतो.

आपल्याही धर्मग्रामांतील मोबाइलवर मुसलमानांविषयीचे संदेश फिरतात. ते पुढे पाठवणारे बहुधा सज्जन, रविवारी मिस्साला येणारे भाविकच असतात. आदिवासी पाड्यांतील आपल्या शाळा, वसतिगृहे आणि दवाखान्यांविषयी ‘बळजबरीने धर्मांतर’ असा मजकूर फिरतो, तेव्हा कोणीतरी येऊन खात्री करावी, अशी आपली अपेक्षा असते. मग दुसऱ्याविषयीचा मजकूर खात्रीवाचून पुढे कसा जातो? धर्मग्राम परिषदांनी हा प्रश्न सभेत घ्यायला हरकत नाही.

खात्री करण्याची जागा तर येथे कायद्यानेच दिली आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू आहे आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार स्वतंत्र पाड्यालाही आपली ग्रामसभा मागता येते. सल्लामसलतीला इस्लाममध्ये ‘शूरा’ म्हणतात. उहुदच्या लढाईपूर्वी पैगंबरांनी स्वतःचे मत बाजूला ठेवून तरुणांचा सल्ला मानला आणि त्या लढाईत मोठी हानी झाली. तरीही पुढे लोकांचा सल्ला घेतच राहा, असाच आदेश कुराणात आला. पोलीस ठाण्यांच्या शांतता समित्या सहसा सणांच्या तोंडावर भरतात. त्यांत मौलवी असतात, मंदिरांचे विश्वस्त असतात, कधी आपले धर्मगुरूही असतात. सीमेलगतच्या पाड्यांवरची माणसे मात्र त्या बैठकांत क्वचितच दिसतात. आणि एप्रिल २०२० मधील पहिली अफवा फिरली ती पाड्यांवरच.