वकील कशाला, आणि वकील केव्हा

मुलीचं सासर अमेरिकेत ठरलं की जुन्या जालन्यात दोन सल्ले न मागता घरी येतात. एक म्हणतो, ‘पैसा गेला तरी चालेल, पण वकील लावा.’ दुसरा म्हणतो, ‘फॉर्मच तर भरायचाय, एजंट भरून देईल.’ सांगणारी माणसं आपलीच, कळकळीची. तरीही हे दोन्ही सल्ले मला चुकीचे वाटतात.

पहिला घेऊ. नवरा अमेरिकेचा नागरिक, दोघांचं पहिलंच लग्न, व्हिसा कधी नाकारलेला नाही, नवऱ्याचा पगार पुरेसा. अशा सरळ प्रकरणात वकील काय करणार? बायकोला बोलावण्यासाठीचा आय-१३० अर्ज नवऱ्यानंच करायचा. ऑनलाइन भरला तर फी ६२५ डॉलर, ही २०२४ च्या एप्रिलपासूनची. पुढं आय-८६४ हे हमीपत्र, त्यात साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. सूचना सरकारनंच छापल्या आहेत आणि शिकलेल्या माणसाला त्या समजतात.

घोडं अडतं ते आपल्या कागदांत. शाळेच्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात तांदळात लिहिलेलं नाव तिसरंच. जन्म आजोळी अंबडच्या एखाद्या खेड्यात, त्याची नोंदच नाही. मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढा, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करा. न्यू जर्सीतला वकील यासाठी ग्रामपंचायतीत येत नाही. तो यादी पाठवतो, आणि ती यादी फुकट मिळते. खेटे घरच्यांनाच घालावे लागतात, मग फी कशाची?

एजंटचा सल्ला तर घातक. इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार अमेरिकेत वकिलाला किंवा सरकारमान्य प्रतिनिधीला आहे. कॅनडातही पैसे घेऊन हे काम करायला परवाना लागतो. आपल्याकडचा एजंट मात्र ‘मुलाखतीत असंच सांगा’ म्हणून पढवतो. खोटं उघडकीला आलं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात, कॅनडाची ५ वर्षं. व्हिसाच्या अर्जावर सही मुलीची, म्हणून बंदीही मुलीवर. एजंटचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं.

मग वकील कधीच नको? हवा, आणि तेव्हा पैशाकडं पाहू नये. आधीचा नकार, मुदत उलटल्यावर तिकडं राहणं, पोलिसांत गुन्हा, आणि घरोघरी झाकून ठेवलं जाणारं पहिलं लग्न. मराठवाड्यात आजही स्टँपपेपरवर फारकत लिहून पंचांच्या सह्या घेतात आणि मोकळे झालो असं समजतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीनं झालेला घटस्फोट मानतं, पण त्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्यानं ते सिद्ध होत नाही. पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल तर दुसरं अवैध, मग बायको म्हणून व्हिसा मागायचा कशावर? इथं तिकडचा वकील तर लागतोच, पण त्याच्या आधी जालन्याच्या कोर्टातला लागतो. म्हणून अशी फारकत घरात असेल तर दुसऱ्या लग्नाची तारीख काढण्यापूर्वीच त्याच्याकडं जा, स्टँपपेपरचा मूळ कागद सोबत न्या, आणि त्याच्यापासून काही लपवू नका.