१९७५ च्या मतांचा हिशेब

जो बायडन यांची अध्यक्षपदाची कारकीर्द संपली आहे. त्यांना मत द्यायचे की नाही, हा प्रश्न आता कुणापुढेच नाही, आणि म्हणूनच त्यांच्या एका जुन्या भूमिकेकडे प्रचाराची धूळ न उडवता पाहता येईल. २०१९ च्या जूनमध्ये मायामीत झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या चर्चेत कमला हॅरिस यांनी त्यांना बसिंगवरून धारेवर धरले, तेव्हा अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांचे म्हणणे होते, ‘चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची मढी आता कशाला उकरायची?’ मला ते तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. सिनेटमध्ये दिलेले मत कुणाच्या तरी मुलाच्या शाळेवर, वर्गावर, पुढच्या आयुष्यावर परिणाम करते. ते मूल आज पन्नाशी-साठीत आपल्याच आसपास कुठेतरी राहत असते.

नव्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण वस्त्याच वेगळ्या होत्या. घर कुणाला विकायचे, कर्ज कुणाला द्यायचे, यातच भेदभाव मुरलेला होता. मुलांना जवळच्या शाळेत घाला म्हटले की गोऱ्यांची शाळा गोरी आणि काळ्यांची काळीच राहायची. म्हणून मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत नेण्याचे, म्हणजेच बसिंगचे, आदेश न्यायालये देऊ लागली आणि १९७१ मध्ये शार्लट शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या उपायाला मान्यता दिली.

बायडन यांचे राज्य डेलावेअर. हे छोटे राज्य ब्राउन खटल्यातच सामील होते, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. होकेसिन गावात सारा बुला नावाच्या बाईंच्या घरावरून गोऱ्या मुलांची शाळेची बस रोज जायची. त्यांच्या मुलीसाठी मात्र बस नव्हती; तिला काळ्या मुलांच्या एकखोली शाळेत त्या स्वतः गाडीने सोडायच्या. त्यांनी सरकारकडे पत्रे लिहून फक्त बस मागितली. राज्यातले पहिले कृष्णवर्णीय वकील लुई रेडिंग यांनी त्यांना सांगितले की भांडायचे तर बससाठी नको, शाळेसाठी भांडू. डेलावेअरच्याच क्लेमाँटमधली काळी मुले तर गावातली चांगली शाळा मागे टाकून काळ्यांच्या शाळेसाठी थेट विल्मिंग्टनला जात. म्हणजे मुलांना लांबच्या शाळेत पाठवण्याची प्रथा न्यायालयांनी सुरू केली नव्हती. ती आधीपासूनच होती, फक्त वेगळे ठेवण्यासाठी होती. त्या काळात तिच्याविरुद्ध गोऱ्या पालकांची एकही मोठी चळवळ उभी राहिली नाही.

बायडन १९७२ मध्ये सिनेटवर निवडून आले. १९७४ च्या मे महिन्यात बसिंग रोखणारी सिनेटर गर्नी यांची दुरुस्ती ४७ विरुद्ध ४६ मतांनी बाजूला सारली गेली. ती बाजूला सारणाऱ्यांत बायडन होते. घरी परतल्यावर संतापलेल्या पालकांनी त्यांना घेरले. विल्मिंग्टनच्या शाळांतल्या वर्णविभागणीचा खटलाही पुढे सरकत होता. १९६८ च्या कायद्याने राज्यात शाळांच्या हद्दींची पुनर्रचना झाली, तेव्हा बहुसंख्य काळी मुले असलेल्या विल्मिंग्टनला त्यातून वगळले होते, आणि तेच न्यायालयाला खटकले होते. उपनगरातली मुलेही आता बसमध्ये बसणार, हे दिसू लागले. मग १९७५ च्या सप्टेंबरमध्ये बायडन यांनी स्वतःच एक दुरुस्ती मांडली: वर्णाच्या आधारे विद्यार्थी किंवा शिक्षक कोणत्या शाळेत जातील हे ठरवायला लावण्यासाठी केंद्राचा पैसा वापरता येणार नाही. ती ५० विरुद्ध ४३ मतांनी संमत झाली. नागरी हक्कांचा कट्टर विरोध करणाऱ्या सिनेटर जेसी हेल्म्स यांनी त्यांचे स्वागत केले.

सिनेटमधले त्या वेळचे एकमेव कृष्णवर्णीय सदस्य, मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन एडवर्ड ब्रुक, यांनी याला १९६४ नंतरचा नागरी हक्कांचा सर्वांत मोठा प्रतीकात्मक पराभव म्हटले. ब्रुक यांचा राग बसपुरता नव्हता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचा निधी रोखण्याची ताकद केंद्राला मिळाली होती. त्याआधी दक्षिणेत शंभरातली जेमतेम दोन काळी मुले गोऱ्यांबरोबर शिकत. १९७० चे दशक सुरू होता होता सुमारे एक तृतीयांश काळी मुले बहुसंख्य गोऱ्या शाळांत गेली होती. हे घडवणारी ताकदच ही दुरुस्ती काढून घेत होती.

मायामीत बायडन म्हणाले की त्यांचा विरोध बसिंगला नव्हता, शिक्षण खात्याने लादलेल्या बसिंगला होता. स्वतंत्र शिक्षण खाते १९७९ च्या कायद्याने आले. त्याआधी आरोग्य, शिक्षण व कल्याण असे एकच खाते होते. पण खात्याचे नाव हा किरकोळ भाग सोडून देऊ. १९७७ मध्ये त्यांनी सहकारी सिनेटर विल्यम रॉथ यांच्याबरोबर जे विधेयक आणले, ते न्यायालयांचाच अधिकार आवळणारे होते: भेदभाव जाणूनबुजून केला हे सिद्ध झाल्याशिवाय बसचा आदेश देता येऊ नये. या कामी मदत केल्याबद्दल त्यांनी मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड यांना आभाराची पत्रे लिहिली. ईस्टलंड हे विभक्त शाळांचे उघड पुरस्कर्ते. नोंद अशी असताना ‘माझा विरोध फक्त खात्याला होता’ हा बचाव टिकत नाही.

‘तेव्हाचा काळच तसा होता,’ हे दुसरे समर्थन. ब्रुक त्याच काळात, त्याच सभागृहात होते. १९७४ चे बायडनही त्याच काळातले. बदलला होता तो मतदारांचा दबाव. आणि समाजाची तयारी नाही, हे कारण मराठी माणसाने तरी सहज स्वीकारू नये. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले इतरांच्या शाळेत घ्यायला लावली, तेव्हा कोल्हापूरचा समाज काही वाट पाहत उभा नव्हता.

बसिंगवरची टीका सगळीच द्वेषातून आली नव्हती, हे मान्य करायलाच हवे. डेलावेअरमध्ये १९७८ ला बस सुरू झाल्या तेव्हा विल्मिंग्टनच्या मुलांना नऊ वर्षे उपनगरात जावे लागे आणि उपनगरातल्या मुलांना तीनच वर्षे शहरात. ओझे पुन्हा काळ्या मुलांवरच जास्त. काही कृष्णवर्णीय पालकही नाराज होते आणि त्यांची नाराजी रास्त होती. पण त्यावर उपाय म्हणून नऊ-तीनचे सहा-सहा करता आले असते. बायडन यांच्या दुरुस्तीने वाटणी सुधारली नसती, हत्यारच काढून घेतले असते. पुढे त्यांनी १९८२ मध्ये मतदान हक्क कायद्याच्या मुदतवाढीला पाठिंबा दिला, ओबामांबरोबर आठ वर्षे काम केले. ते सारे त्यांच्या खात्यावर जमा आहे. त्याने १९७५ ची नोंद पुसली जात नाही. हॅरिस यांनाही हाच नियम लागू: बर्कलीत स्वतः बसने शाळेत गेलेल्या हॅरिस यांनी चर्चेनंतर काही दिवसांतच बसिंग हा शाळा मंडळांपुढचा एक पर्याय असावा, अशी मवाळ भूमिका घेतली. तिचीही तितकीच चिकित्सा व्हायला हवी होती.

हे आपल्याला का लागू पडते? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपण या देशात मोठ्या संख्येने आलो आणि घर घेताना पहिला प्रश्न विचारू लागलो, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कसा आहे?’ या प्रश्नाला एवढे वजन आले, त्यात १९७४ च्या डेट्रॉइट खटल्याचा मोठा वाटा आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय शहर आणि उपनगर यांच्या शाळा एकत्र करता येणार नाहीत. ब्राउन खटला लढलेले थरगुड मार्शल तेव्हा न्यायमूर्ती होते; त्यांनी कडाडून विरोध नोंदवला. ती हद्द पक्की झाली आणि तिच्या आतल्या बाजूला आपण घर घेतले. मुलांसाठी चांगली शाळा शोधण्यात काही गैर नाही. पण ती हद्द कुणी आखली आणि कुणी टिकवली, याची चौकशी ‘जुने विषय’ म्हणून टाळण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना शाळा मंडळाचे आणि विधिमंडळाचे उमेदवार येतात, दिवाळीच्या शुभेच्छा देतात, आपण त्यांच्याबरोबर फोटो काढतो. काही उमेदवार तर आपलीच मुले आहेत. पुढच्या वेळी त्यांना पाच मिनिटे बसवून विचारावे: शाळांच्या हद्दी बदलण्याचा ठराव शेवटचा कधी आला होता, शेजारच्या गरीब वस्तीतली मुले आपल्या शाळेत घेण्याचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूने मत दिलेत, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त कुठे वाचायला मिळेल?